बांधलेलं मनगट

चंद्रपूरच्या वसाहतीत मातीच्या कोर्टवर मी टेनिस शिकलो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जायचा, म्हणून पहाटेच कोर्टवर पाणी मारून खेळायचो. माझा फोरहँड चांगला होता. मनगट घट्ट, खांदा पूर्ण वळलेला, रॅकेट खालून वर. चेंडू जाळीवरून उंच जाऊन पलीकडच्या रेषेआत झपकन उतरायचा. त्या फटक्यानं मला बरंच काही दिलं, आणि तोच एक खरा, असं मी धरून बसलो.

पुढे नोकरीनं वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीला नेलं. तिथे संध्याकाळी मुलांना बॅडमिंटन शिकवू लागलो. मनाला आधार नंदू नाटेकरांचा होता. तेही आधी टेनिस खेळायचे, रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ मध्ये सेलांगरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांचा खेळ नजाकतीसाठी नावाजला गेला, हे मात्र मी विचारात घेतलं नाही.

वसतिगृहात राहणारी एक तेरा वर्षांची मुलगी आमच्याकडे यायची. पहिल्याच दिवशी तिनं मागच्या रेषेवरून फूल थेट पलीकडच्या मागच्या रेषेवर टाकलं. हात सैल, शेवटच्या क्षणी झटका.

"कुठं शिकलीस?"

"चिंचा पाडतो ना सर आम्ही, दगडानं."

तिथेच मी चुकलो. तो झटका मला गावठी वाटला. "मनगट हलू द्यायचं नाही, खांद्यातून मार," असं सांगितलं. तिचं मनगट वळू नये म्हणून त्यावर पट्टी गुंडाळली आणि रोज दोनशे फटके मारून घेतले. ती एकदाही नाही म्हणाली नाही.

टेनिसचा चेंडू ५६ ग्रॅमच्या पुढे असतो; त्याच्या धक्क्यापुढे मनगट ढिलं ठेवून चालत नाही. बॅडमिंटनचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं, रॅकेट शंभर ग्रॅमच्या आतली. तिथे डोक्यावरच्या फोरहँडचा बराचसा वेग कोपरापुढचा हात आतल्या बाजूला वळण्यातून येतो. मूठ सैल असते आणि फुलाला भिडताना आवळते. चिंचेवर दगड मारणारा हात हेच करतो. ती जे घेऊन आली होती, ते शिकवायला मला दोन वर्षं लागली असती.

चार महिन्यांत तिचे फटके कोर्टाच्या मध्यावर पडू लागले. गेलेला वेग ती खांद्यातून भरून काढत होती. खांदा दुखतो, असं तिनं दोनदा सांगितलं. मी सराव कमी पडतोय म्हणालो. नागपूरच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली. दिवाळीला गावी गेली, ती परत खेळायला आली नाही.

खूप वर्षांनी एका जाणत्या प्रशिक्षकानं मला हाच फटका समजावला, तेव्हा पोटात खड्डा पडला. तिचं गाव शोधून गेलो. धानाची कापणी चालली होती. माझं चुकलं, मनगट तुझंच बरोबर होतं, असं तिला बांधावर उभं राहून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते मी केलं, सर."

सोबत नेलेली रॅकेट तिनं हातात घेतली, धाकट्या भावानं फूल उंच टाकलं. तिनं मारलं. मनगट जागचं हललं नाही.