गोचिडांचे दिवस

पावसाळा ओसरला की डहाणूच्या चिकूवाड्यांत गोचिडांचा सुकाळ. किनाऱ्यावर कुत्री फिरवणाऱ्यांच्या गप्पाही मग तापाच्याच. शेजारच्या काकूंचा मोती जेवेना, नाकातून रक्त आलं. तपासणीत एर्लिकिया हा गोचिडांतून पसरणारा जंतू निघाला. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा. काकूंनी गोळ्या भाकरीत दडवून चारल्या. आता तो पुन्हा मासळीवालीच्या टोपलीमागे धावतो (तिला त्याचं कौतुक नाही, हे वेगळं).

तलासरीच्या मावशींचं पिल्लू मात्र पार्व्होनं गेलं. १९७८मध्ये जगभर पसरलेला हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून त्याच अंगणात लगेच नवं पिल्लू नको. मावशींना ते पटलंय. ‘कुत्र्यासाठी काय रडायचं?’ म्हणणाऱ्यांना त्या उत्तरही देत नाहीत. मी देतो, आणि चांगलं सुनावतो. मावशींचा नातू रोज विचारतो, लस टोचलेलं पिल्लू कधी आणायचं?