चित्रे खाणारे जीव

गडचिरोलीच्या अरण्यभागात मी अनेक वर्षे शिक्षक होतो. मृगापासून हस्तापर्यंत तेथे किती ओल असते, हे बाहेरच्यास सांगून कळावयाचे नाही. कोपऱ्यातील वहाणा हिरव्या होतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी लव चढते. आमच्या शाळेत एका विद्यार्थ्याने रंगविलेले वैनगंगेचे मोठे चित्र होते. एका श्रावणात नदीच्या निळ्या पाण्यावर काळे ठिपके उमटले, आणि दसऱ्यापर्यंत त्यातील होडी दिसेनाशी झाली. चित्र काढणारा मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला होता; दुसरे मागावे तरी कोणाकडे?

मुलांनो, ही करणी बुरशीची. रंग चिकटून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालतात. बुरशीचे तेच अन्न. तिचे बीजाणू हवेत सदैव फिरत असतात. ओल मिळाली की ते रुजतात. त्यांचे बारीक तंतू रंगाच्या थरात शिरतात आणि आम्ले सोडतात. भिंतीवरील चित्र असेल, तर त्या आम्लांनी खालचा चुना झिजतो व रंगाचे पोपडे सुटतात.

अजिंठ्याची चित्रेही सरस घातलेल्या रंगांचीच. त्यांतील सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांची. गिलावा मातीचा, त्यात भाताचा कोंडा आणि गवत कालविलेले. जीवजंतूंना भिंतभर मेजवानीच! कसरीनेही तो पोखरला. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. त्यांमुळे तेथे कीड कमी लागली, असे मत २०१६ साली संशोधकांनी मांडले.

१९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलाविले. सुटणारे रंग त्यांनी जागच्या जागी बसविले, पण वर लाखेचा लेप दिला. आपल्याकडे पळसावरील किड्यांपासून मिळते, तीच ही लाख. पुढे लेप पिवळा पडला आणि त्यात धूळ अडकली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो बोट-बोट काढावा लागला. हे काम मला चित्र काढण्याहून कठीण वाटते.

हे सारे वर्गात सांगत असता एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग लेण्यात श्वास घ्यायचा नाही का?" वर्ग हसला, पण प्रश्न वेडा नव्हता. माणसांच्या श्वासाने गुहेतील हवा दमट होते. फ्रान्समधील लास्को गुहेतील प्राचीन चित्रे १९४० साली सापडली. प्रेक्षकांची रीघ लागली, भिंतींवर हिरवे शेवाळ धरले, आणि १९६३ मध्ये गुहा लोकांना बंद करावी लागली. आता प्रवासी जवळच उभारलेली प्रतिकृती पाहून परततात. मूळ चित्रे अंधारात आहेत.