चला, जुन्या बाजारात नाणं वाजवून घेऊ!

दोस्तांनो, देव्हाऱ्याच्या खणात, आजीच्या डब्यात, नाहीतर शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये एखादं जुनं नाणं तुम्हाला कधी ना कधी सापडलंच असेल. मधोमध भोक असलेला पैसा, कमळाचं चित्र असलेलं पिवळं वीस पैशांचं नाणं किंवा फुंकर मारली तरी उडेल अशी ॲल्युमिनियमची चौकोनी पाच पैशांची चकती. एक सापडलं की दुसरं हवंसं वाटतं, आणि तिसरं मिळेपर्यंत तुम्ही नाणी जमवणारे झालेले असता! मग प्रश्न पडतो, पुढची नाणी आणायची कुठून?

हल्ली या प्रश्नाचं उत्तर आईच्या किंवा बाबांच्या फोनमध्ये असतं. नाव टाका, चित्र बघा, पैसे भरा, चार दिवसांत पाकीट दारात. मग उन्हातान्हात पुण्याच्या जुन्या बाजारात जायचं तरी कशाला?

सांगतो. पण आधी तिथे जाऊ या.

शनिवारवाड्यापासून मंगळवार पेठेच्या दिशेनं चालत निघालात, की पंधरा मिनिटांत जुना बाजार लागतो. बुधवार आणि रविवार हे त्याचे ठरलेले दिवस. दुकानं कमी, पथाऱ्या जास्त. एका पथारीवर पाने, पक्कड, करवती. शेजारी बंद पडलेली घड्याळं, पितळी समया, किल्ल्या हरवलेली कुलपं आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्या! गर्दीत बाबांचा हात सोडू नका आणि पैसे पुढच्या खिशात ठेवा. नाणीवाल्याची पथारी ओळखायला सोपी असते. एका बाजूला प्लॅस्टिकच्या कप्प्यांची वही, त्यात निवडक नाणी. दुसऱ्या बाजूला ताटली किंवा परात, त्यात सरमिसळ चिल्लर. नवे लोक थेट वहीकडे झेप घेतात. तुम्ही परातीपाशी बसा.

“काका, हातात घेऊन बघू का?” असं विचारा. सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आता खिशातलं भिंग काढा. नाण्यावर साल छापलेलं असतं ना, त्याच्या खाली नीट बघा. बारीकसा चौकटचा, म्हणजे पत्त्यांतल्यासारखा चौकोन दिसला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी दिसली तर हैदराबादचं. गोल टिंब असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. म्हणजे एकाच सालाच्या एकाच रुपयाचे तीन-चार भाऊ असू शकतात! फोनवरच्या चित्रात ही खूण पुष्कळदा अंगठ्याखाली नाहीतर चकाकीत हरवलेली असते. परातीत मात्र तासाभरात तुमच्या डोळ्यांना तिची सवय होते.

चांदीच्या रुपयाची गंमत आणखी निराळी. आपल्याकडे ‘खणखणीत नाणं’ असं म्हणतात, ते उगाच नाही. पूर्वी दुकानदार रुपया दगडावर आपटून बघत. चांदीचा अस्सल रुपया घंटेसारखा वाजतो आणि त्याचा नाद क्षणभर रेंगाळतो. शिसं मिसळलेला खोटा रुपया ‘थप्’ करून गप्प बसतो. तुम्ही आपटू मात्र नका. नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्यानं त्याच्या कडेवर हळूच टिचकी मारा. मग वजन. राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. झिजलेला असेल तर थोडा कमी भरेल, पण दोन-तीन ग्रॅमचा फरक पडला तर समजा की काहीतरी काळंबेरं आहे. शेवटी लोहचुंबक. चांदी त्याला चिकटत नाही. पण म्हणून चिकटलेलं प्रत्येक नाणं खोटं ठरवू नका हं! १९४७ सालचा, वाघाचं चित्र असलेला रुपया चुंबकाला चटकन चिकटतो, कारण तो मुळातच निकेलचा आहे.

नाद, वजन, चुंबक. यातलं एकही फोनच्या काचेवर बोट फिरवून कळत नाही. जुन्या बाजारात जायचं ते यासाठी.

आता शिवराईकडे वळू. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. ते हातात आलं की अंगावर काटा येतो, आणि विकणाऱ्याला हे चांगलंच ठाऊक असतं. तो म्हणतो, “महाराजांनी स्वतः पाडलेली आहे बघा!” इथे जरा थांबा. शिवराई महाराजांच्या पश्चात पेशवाईतही पाडली जात होती आणि त्यानंतरही बरीच वर्षं लोकांच्या हातात खेळत होती. नावाच्या ओळींमधे दोन रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही अशीच नंतरच्या काळातली. तेव्हा शिवराई खरी असली, तरी तिची गोष्ट खोटी असू शकते. पैसे नाण्याचे द्या, गोष्टीचे नको.

शिवराई खरी आहे का, हेही हातात घेतल्यावरच कळतं. ती हातोड्याचा घाव घालून ठशानं उठवलेली असते. त्यामुळे अक्षरं कडेला अर्धीमुर्धी कापली जातात आणि नाणं वाकडंतिकडं होतं. साच्यात तांबं ओतून केलेल्या नकलेवर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत लागतात आणि कडेवरून नख फिरवलं तर जोडाची रेघ जाणवते. अगदी नीटनेटकी, सगळी अक्षरं मधोमध आलेली शिवराई स्वस्तात मिळत असेल, तर जास्तच जपून!

बाजारात आणि फोनवर, दोन्हीकडे हमखास भेटणारी आणखी एक चीज म्हणजे ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं लिहिलेलं आणि राम-सीता किंवा हनुमानाचं चित्र असलेलं नाणं. कंपनीनं असली नाणी कधीच पाडली नाहीत. १८३५ साली तिनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी सुरू केली. रुपयावर इंग्लंडच्या राजाचं डोकं होतं आणि तांब्याच्या नाण्यांवर कंपनीचं चिन्ह. देवांची चित्रं असलेले ते तुकडे नंतर कुणीतरी तयार केलेले आहेत. देवघरात ठेवायचे तर खुशाल ठेवा, पण जुनं नाणं म्हणून हजारो रुपये मोजू नका.

आणि कृपा करून चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून नाणी घासू नका! भांडी चकचकीत हवीत, नाणी नव्हेत. तांब्यावरचा काळपट थर वर्षानुवर्षं जमलेला असतो. तो घालवला की जाणकाराच्या लेखी नाण्याची किंमत पार घसरते. पथारीवरची भलतीच लखलखीत शिवराई मी तरी घेत नाही.

तुम्ही म्हणाल, ज्यांच्या गावात जुना बाजारच नाही त्यांनी काय करायचं? बरोबर आहे. पुण्याचे लोक स्वतःला नशीबवान समजोत, पण गडचिरोलीच्या किंवा देवगडच्या मुलानं एका पैशाच्या नाण्यासाठी एवढा प्रवास का करावा? त्याला इंटरनेटचा मोठाच आधार आहे. सरकारी टांकसाळी आपली स्मारक नाणी इंटरनेटवरून विकतात. ती तिथूनच घ्यावीत, कारण बाजारात तीच नाणी वर नफा लावून येतात. बाजारात जायच्या आदल्या रात्री दहा ठिकाणचे भाव बघून ठेवणं हाही शहाणपणाच. मात्र लक्षात ठेवा, मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लाख रुपये कुणीही मागू शकतो!

मागवायचंच असेल तर आईबाबांना शेजारी बसवा आणि विकणाऱ्याला विचारा, चित्र याच नाण्याचं आहे का? दोन्ही बाजूंचा आणि कडेचा, पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. वजन विचारा. नाणं परत घेणार का, विचारा. तळाशी बारीक अक्षरांत ‘रेप्लिका’ लिहिलंय का, तेही वाचा. खरा नाणीवाला या प्रश्नांनी चिडत नाही.

यापेक्षा मोठा धोका विकत घेण्यात नाही, विकण्यात आहे. ‘तुमच्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे? लाखो रुपये मिळवा!’ अशा जाहिराती फोनवर फिरतात. ते नाणं २०१२ सालचं, काही फार दुर्मीळ नाही. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवला, की समोरून ‘आधी कराचे पैसे भरा, नोंदणीचे भरा’ असं सुरू होतं. कधी तर रिझर्व्ह बँकेचं नावही पुढे केलं जातं. म्हणून ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनं लोकांना सावध केलं, की जुन्या नाण्यानोटांच्या अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही. आजीआजोबांना हे नक्की वाचून दाखवा. असे फोन त्यांनाच जास्त येतात.

परातीतून एक-दोन नाणी निवडलीत? मग भाव करा, पण अदबीनं. पैसे देताना एक प्रश्न जरूर विचारा: “काका, हे आलं कुठून?” कुणी म्हणेल मोडीत आलं, कुणी म्हणेल वाडा पाडताना मिळालं. (तुमच्या शेतात मात्र पुरलेला हंडा निघाला, तर तो इथे आणायचा नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हो, दहाच रुपये!) काकांचं उत्तर, तारीख, किंमत आणि घरी मोजलेलं वजन वहीत लिहून ठेवा. नाणं कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर वहीतला क्रमांक घाला. पुढच्या बुधवारी सुट्टी असेल तर तीच वही घेऊन पुन्हा त्याच पथारीवर जा. काकांना तुमचा चेहरा आठवला, तर परातीतली नवी आवक ते आधी तुम्हाला दाखवतील.