एका दिरहमची होडी

परदेश पाहून आलेल्या माणसाने दिवाळीत चार मंडळींत गप्प बसू नये, असा आमच्या मालवणात दंडकच आहे. तेव्हा मीही तोंड उघडतो. मात्र मी दुबईला गेलो, तो दुबई पाहायला नव्हे. धाकट्या भावाची सही आणायला. मेढ्यातले आमचे वडिलोपार्जित घर विकायचे घाटत होते आणि त्याचे कागद माझ्या पिशवीत होते. वीस वर्षे तिकडे नोकरी करणाऱ्याला गळक्या कौलांचा काय उपयोग, असा माझा हिशेब. कागद टपालानेही धाडता आले असते. पण असली गोष्ट समोरासमोर बोलावी, असे हिचे म्हणणे पडले.

भावाने रविवार माझ्यासाठी राखला होता. सकाळी त्याने बुर्ज खलिफा दाखवला. ८२८ मीटर उंच, २०१० साली खुला झालेला. वर पाहता पाहता माझी मान अवघडली आणि तिकिटाचे रुपये करता करता जीव. भाऊ हसला. पण हा हिशेब काही परका नव्हे. १९६६ पर्यंत या गावात रुपयाच चालत असे. आधी आपला, आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला निराळा.

मग अल फहिदी किल्ला बाहेरून पाहिला. बांधणी १७८७ च्या सुमाराची. आमच्या सिंधुदुर्गाचा पाया १६६४ सालचा, त्यामुळे मी जरा वडीलकीच्या नात्यानेच त्याच्याकडे पाहिले. एके काळी हे गाव मोत्यांवर जगे. इथले मोती मुंबईच्या बाजारात येत. पुढे जपानी संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली आणि तो धंदा बुडाला. समुद्रावर पोट असलेल्या गावच्या माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

दुपारी करामा भागातल्या एका केरळी खानावळीत जेवलो. सुरमईला तिथे ‘कनद’ म्हणतात. कालवणात आमसुलाऐवजी कुडमपुळी होती. पण ती आमसुलाचीच चुलत बहीण, त्यामुळे भात अंमळ जास्तच गेला.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, “आता माझी जागा दाखवतंय.” ती जागा म्हणजे खाडीवरची होडी. तिला तिथे अब्रा म्हणतात. बर दुबईहून पलीकडे देऱ्याला जायला भाडे एक दिरहम. लाकडी फळी, इंजिनाची फटफट, तोंडावर खारा वारा. पलीकडे उतरलो, की हा पुन्हा दुसऱ्या होडीत! असे तीनदा झाले. मी विचारले, तेव्हा म्हणाला, “दर रविवारी येतंय. किल्ल्यावर जाणाऱ्या होडयेत बसल्यासारख्या वाटता.”

मी पिशवी चाचपली. त्याने ते पाहिले असावे.

“दादा, घराचा काय ता तूच ठरव. पण नोकरी संपली, की हयसून बहुतेकांका जावचाच लागता. मगे मी खंय जातलंय?”

होडी धक्क्याला लागली. मी खिशातून आणखी दोन दिरहम काढले आणि म्हटले, “चल, आणखी एक फेरी मारू.”

कागद जसे गेले तसे परत आले. यंदा पावसाआधी घर शाकारून घेतले. निम्मा खर्च भावाने पाठवला. त्याचे दिरहम किती झाले, ते मात्र मी मोजले नाही.