सोलर म्हातारा झालाय म्हणे

"काका, टाकी संपली. नवीन घालूया की," असं सोलरचं पाणी तापेना म्हणून बोलावलेल्या दुकानाच्या पोरानं जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच सांगितलं. गच्चीवर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. दुसऱ्या दुकानाचा माणूस निदान ट्यूबांपर्यंत गेला, पण त्याचंही म्हणणं तेच. वर, २०० ऐवजी ३०० लिटरचाच घ्या. एवढी माणसं येऊन टाकीकडं बघून गेली, आभाळाकडं एकानंही बघितलं नाही, याचा मला अजून राग येतो.

आमचा सोलर २००८ सालचा, काचेच्या ट्यूबांचा. त्याआधी तांब्याचा बंब होता. त्याची राख कोण काढायचं यावरून रोज भांडण. आमची शाहूपुरी म्हणजे कोल्हापुरात शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ. घरं बैठी, फार तर एक मजला, त्यामुळं ऊन कमी पडेल हा विचार तेव्हा कुणाच्या मनात येणार?

नव्या टाकीला पैसे मोजण्याआधी ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. ट्यूब दुहेरी काचेची असते, मधली हवा काढून घेतलेली. बुडाशी चांदीसारखा लेप असतो. आत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. आमच्या दोनच ट्यूबा पांढऱ्या निघाल्या. बोअरच्या पाण्याचा खार मात्र भरपूर साठलेला, रबरी रिंगा कडक झालेल्या. ट्यूबा आणि रिंगा बदलल्या, खार काढला, टाकीला गळती नव्हतीच. तरी डिसेंबरात पाणी कोमटच.

मग मी खडू घेऊन गच्चीवर बसलो आणि सावलीच्या रेघा मारल्या. दक्षिणेला नवी इमारत उभी राहिलीय, आमच्या गच्चीपेक्षा पाचेक मजले उंच. डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य भर दुपारीही जेमतेम ५० अंशांवर येतो. म्हणजे पंधरा मीटर उंचीची सावली साडेबारा मीटर लांब पडते, आणि त्यांच्या-आमच्या भिंतींमध्ये अंतर ते किती! एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर आला की हीच सावली दोन मीटरच्या आत येते. थोडक्यात, गरम पाणी हवं असतं तेव्हा ऊन नाही, आणि नको असतं तेव्हा टाकी उकळते. इथं ३०० लिटरची टाकी घालून काय होणार? कोमट पाणी जास्त मिळेल.

नात्यातल्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, वीस वर्षं विनाअडथळा उजेड-वारा मिळाला असेल तर हक्क सांगता येतो, पण तो घरातल्या उजेडाचा; गच्चीवरच्या टाकीचा विचार त्यात कुणी केलाय? आणि तुमची वीस तरी कुठं भरलीत? असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. घराला रस्ता लागतो, पाणी लागतं, सांडपाण्याची वाट लागते, सगळ्याचे नियम आहेत. उन्हाचा मालक मात्र जो उंच बांधेल तो. त्या इमारतीच्या माथ्यावर नवेकोरे सोलर ओळीनं चकाकतात, हे तर विचारूच नका.

मुलगा म्हणतो, हे भंगारात घाला आणि पॅनेल बसवा, २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. आहे, कबूल. पण त्या पॅनेललाही ऊनच लागतं ना रे बाबा? पाण्याच्या टाकीच्या वर स्टँड उभारून सोलर उंच न्यावा, तर प्लंबर म्हणतो, गार पाण्याची टाकी सोलरपेक्षा वर पाहिजे, म्हणजे तीही उचला. तो खर्च नव्या सोलरच्या वर जातो. गॅस गिझर बंदिस्त न्हाणीघरात मी बसवू देणार नाही. त्याच्या विषारी वायूनं माणसं गेलेली आहेत. तुम्हीही बसवू नका, बसवलाच तर खिडकी उघडी ठेवा.

शेवटी टाकीत विजेची कॉइल घातली. २०० लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सात युनिट लागतात, म्हणून सगळ्यांच्या आंघोळी पहाटे एकापाठोपाठ उरकायच्या असा बायकोचा हुकूम आहे. सूर्याच्या यंत्राला वीज पाजायची, हे मला पटत नाही. नवा घ्यायचा नाही हे मात्र पक्कं. म्हणजे, परवा त्या ३०० लिटरवाल्या दुकानाचं कार्ड मी फाडता फाडता राहिलो, ते खरं. पण एप्रिलमध्ये नळाखाली हात धरवत नाही असं पाणी आलं की मी मुलाला हाक मारतो, बघ, टाकी संपली म्हणत होते ना! तो म्हणतो, पप्पा, एप्रिलमध्ये गरम पाणी कुणाला पाहिजे?

मला पाहिजे.