भेकराक पेंड कित्याक?

धामापूर, सोमवार रात्री

अहो,

पोचले एकदाची. फोंडा घाटात गाडी दोनदा उभी राहिली. एकदा ड्रायव्हरला चहा हवा होता, दुसऱ्यांदा का ते त्यालाही सांगता आलं नाही. ‘कोकणात कसली आलीय थंडी’ म्हणून माझी शाल बॅगेतून काढून ठेवलीत ना? पहाटे कुडाळच्या स्टँडवर पदर कानांना गुंडाळून उभी होते. गुडघ्याचे व्यायाम लताताई आल्या की त्यांच्यासमोर करा, म्हणजे टंगळमंगळ होणार नाही. इथे घरात रेंज नाही. देवळाकडे गेलं की येते, पण आता अंधारात कोण जाणार. आबा कुडाळला जाईल तेव्हा हे पोस्टात टाकेल.

आधी जेवणाचं सांगते. उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी. आपल्याकडे मी दुकानच्या पिठाची करते ती नव्हे. मंगलने घरचा कुळीथ भाजून, जात्यावर भरडून, सालं पाखडून दळलेलं पीठ. फोडणीला ठेचलेली लसूण नि सुकी मिरची, वर दोन सोलं, आणि चुलीवर चांगली दाट होईपर्यंत कढवलेली. बाजूला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. मी तीनदा भात घेतला. पीठ थोडं पुण्याला न्यायला दे म्हटलं, तर मंगल गप्प झाली. मग आबा म्हणाला, “ह्यो गेल्या सालचो. यंदाचो भेकरांनी खाल्ल्यानी.”

ह्यूस्टनच्या भावजींच्या ई-मेलचा विषय काढायला याहून वाईट वेळ मिळाली नसती. उद्या काढते.

मंगळवार, दुपारी

सकाळी आबाबरोबर भाताच्या कुणग्यात गेले. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ फेकतात, तो आता शेंगेला आलाय. निदान यायला हवा होता. डोंगराकडच्या बाजूचा अर्धा कुणगा शेंड्यांवाचून उभा आहे. आबाने उकिडवं बसून मला दोन रोपं दाखवली. सशाने खाल्लेला देठ विळीवर चिरल्यासारखा तिरका, स्वच्छ. भेकराने खाल्लेला दोरे सुटलेला, ओढून तोडलेला, कारण त्याच्या वरच्या जबड्याला पुढचे दातच नसतात. रानडुक्कर आला तर असं काही बघायला उरत नाही, तो माती उकरून ठेवतो. भेकर तसं गवतावर जगणारं जनावर नव्हे. पोट लहान, म्हणून कोवळे शेंडे, पडलेली उंबरं, आवळे, शेंगा असं निवडून कसदार खाणार. जानेवारीत रान सुकत चाललेलं, आणि रानाच्या कडेला हे हिरवं ताट वाढलेलं.

कुणग्याभोवती काठ्या रोवून साड्या बांधल्यात. रात्री वाऱ्याने हलल्या की जनावर बुजतं म्हणे, पहिले आठ दिवस. मंगलच्या नेसूच्या निम्म्या साड्या तिथेच असाव्यात. मी गणपतीत दिलेली मोरपिशीही आहे, पूर्वेच्या कोपऱ्यात. मी काही बोलले नाही. साडेनऊशेची होती.

मग शेतातल्या मांगरात बसून मी ती ई-मेल वाचून दाखवली. भावजींच्या मित्राचं सॅन अँटोनियोच्या पलीकडचं रान तुम्हाला आठवत असेल. भावजींना आपल्या डोंगराच्या चार एकरांत अगदी तसंच हवंय: उभं पिंप, खालून आपोआप उतरणारी गोळी पेंड, झाडावर कॅमेरा. शिकार नको, नुसती हरणं बघायची आणि ती धष्टपुष्ट करायची. तिथल्या त्या दुपारचं त्यांचं व्याख्यान तुम्ही डुलक्या घेत ऐकलंत, मी जागी होते. वाढतं शिंग पाण्याचा अंश काढला तर बहुतेक प्रथिनच असतं. म्हणून नराला शिंगं फुटायच्या हंगामात, फेब्रुवारीपासून उन्हाळाभर, 16 ते 20 टक्के प्रथिनांची पेंड. नुसता मका 7-8 टक्क्यांचा, त्याने अंगावर चरबी चढते, शिंग नाही. आणि उपाशी जनावरापुढे एकदम मका ओतला तर पोट आंबून ते मरायचंही.

ज्यांची जमीन थोडी, त्यांचं रडगाणंही तेव्हाच ऐकलं होतं. हरीण काही कुंपणावरचा मालकाचा फलक वाचत नाही. पेंडीचं पोतं आपण ओतायचं आणि शिंगं शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात. शिवाय सगळी एकाच पिंपात तोंडं घालतात, लाळेतून रोग पसरतो. तो हरणांचा मेंदू सडवणारा रोग टेक्सासात 2012 साली सापडला तेव्हापासून तिकडेही पेंडीवरून वाद आहेत. हे भावजी ई-मेलमध्ये लिहीत नाहीत.

आबाने सगळं ऐकून घेतलं. मंगलला मात्र हसू आवरेना. “भेकराक पेंड कित्याक? आमचो कुळीद काय कमी पडलो?”

आणि अहो, खरंच की. कुळथात प्रथिनं 22 टक्क्यांच्या घरात. भावजींना हवी ती पेंड आपल्या डोंगरातल्या भेकरांना आधीच चालू आहे, त्यांच्या मापापेक्षा दोन टक्के चढीच. फक्त तिचे पैसे आबा भरतो, आणि रात्री मांगरात डबा बडवत बसतो ते वेगळं.

बुधवार

आज कचेरीत गेले होते, वारस नोंदीसाठी. कोणत्या कचेरीत ते लिहीत नाही, पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. साहेब भजी खात होते. मी सातबारा पुढे केला. त्यांनी तो घेतला, टेबलावर पसरला आणि त्यावर भज्यांचा कागद ठेवला. मी बघतेय. तेल हळूहळू तुमच्या आजोबांच्या नावावरून तुमच्या काकांच्या नावाकडे सरकतंय. मी म्हटलं, अहो, तो माझा उतारा. “बसा जरा, खातोय ना,” म्हणाले. बसायला खुर्ची नव्हती. भजी संपल्यावर हात त्याच कागदाला पुसले आणि म्हणाले, सर्व्हर बंद आहे, शुक्रवारी या. कांदाभजी होती. वास अजून नाकात आहे आणि सांगायला लाज वाटते, पण भूक लागली होती.

येताना वनखात्याचा एक गार्ड चहाच्या टपरीवर भेटला. अगदी सज्जन मुलगा. त्याला भावजींचा बेत सांगितला. तो म्हणाला, काकू, मुंबई राज्याचा वन्यप्राण्यांचा कायदा 1951 चा, पण आता चालतो तो 1972 चा. त्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, फास लावणं, हाका घालणं आणि आमिष दाखवणं हेही धरलंय. मी म्हटलं, आम्हाला कुठे मारायचंय? तुम्हाला नसेल, म्हणाला, पण जनावर रोज एका जागी येतं हे गावाला चार दिवसांत कळतं.

तेच आबाने संध्याकाळी त्याच्या भाषेत सांगितलं: “तुमी थंय पेंड घातलास, की दुसऱ्या दिवशी थंयसर फासकी लागली म्हणान समजा.” मोटारसायकलच्या क्लचची वायर पुरते म्हणे. ती डुकरासाठी लावतात, अडकतं भेकर, आणि भेकराच्या मागावर आलेला बिबट्याही. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. पण बिबट्या कायद्याच्या पहिल्या यादीतला, तिथे तीन ते सात वर्षं. भावजी ह्यूस्टनला, जमीन तुमच्या नावावर होणार. म्हणजे झाली तर.

आबाच्या बापाची ठासणीची बंदूक अजून आढ्याला टांगलेली आहे. परवाना शेतीसंरक्षणाचा, निवडणूक आली की पोलिसांत जमा करायची. वांदरांसाठी बार काढतात, बाकी काही नाही. रानडुकरांसाठी 2015 पासून परवानगी मिळू शकते, पण तिचे कागद पुरे होईपर्यंत कुळीथ उरत नाही, असं आबाचं म्हणणं. भेकरांसाठी ती सोयही नाही, आणि नसावीच. काल रात्री एक ओरडलं, अगदी कुत्र्यासारखं. मी दचकून उठले. मंगल झोपेतच म्हणाली, “इलां.”

मालवण, गुरुवार

किल्ला पाहिला. होडीत पोटात ढवळलं.

सुरमई आठशे रुपये किलो सांगितली, म्हणून बांगडे घेतले, शंभराला पाच. येताना खाजा घेतलाय, गुळाचा, तुमच्यासाठी. मधुमेह विसरायचा नाही, एका वेळी एकच. कुडाळला उतरले तेव्हा पेंडीच्या दुकानात डोकावले होते, भावजींना ‘चौकशी केली’ म्हणायला. सरकी आहे, शेंगदाण्याची आहे. दुकानदाराने विचारलं, गायीला की म्हशीला? मी म्हटलं, बघून सांगते.

आता कामाचं. भावजींना तुम्ही लिहा. मी लिहिलं की त्यांना ते टोमणे वाटतात. लिहा की पेंड, पिंप, कॅमेरा काही नको. वर्षाच्या पेंडीला त्यांनी जी रक्कम धरली आहे तीत आबाच्या कुणग्याला झटका मशीन बसतं: बॅटरी, सौर पट्टी, तार, सगळं धरून. जनावराला चटका बसतो, मरत नाही. लाईटची तार थेट कुंपणात सोडणारे महाभाग वेगळे, त्यांचं नाव काढू नका. भेकर उडी मारतं म्हणून वरची तार कमरेच्या वर ओढायची, आबाला माहीत आहे. हरणं बघायची असतील तर भावजींनी इथे यावं आणि मांगरात आबाच्या जागी रात्र काढावी. कुळीथ नाही मिळाला तर भेकरं उंबरं खातील, आवळे खातील, उपाशी मरत नाहीत.

माझं तिकीट शुक्रवारचं आहे, पण सर्व्हर आणि भजी यांच्यावर अवलंबून. दूधवाल्याला शनिवारपर्यंत अर्धाच लिटर सांगा. पैशांचं मात्र आजच लिहा. शेंगा आणखी दोन-तीन आठवड्यांत काढणीला येतील, त्यानंतर मशीन लावून काय उपयोग.

तुमची,
नलू