भोकराचा खार

लोणच्याच्या फोडी संपल्यावर बरणीच्या तळाशी जो खार उरतो, त्याचे काय करावे हा प्रश्न आमच्या घरी कधी पडला नाही. दहीभातावर एक पळी, थालीपिठाच्या कडेला एक पळी आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या मऊ भातावर अर्धी, अशी त्याची वाटणी पूर्वापार ठरलेली. तो फेकून देणाऱ्या सुनेस सासूने काय म्हणावे, हेही ठरलेलेच होते.

परंतु तेलमोहरीचा खार निराळा आणि नुसत्या मिठाच्या पाण्याचा निराळा. योगेश्वरी ही कित्येक कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी असल्यामुळे ती मंडळी आमच्या अंबाजोगाईस दर्शनास येत असतात. त्यांच्याकडे कैऱ्या आणि फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात घालून पावसाळ्यासाठी ठेवण्याची चाल आहे. आम्हा देशावरच्यांना फणस कोठला? आमच्याकडे शेताच्या बांधावर भोकर असते. याचे संस्कृत नाव श्लेष्मातक, आणि ते अगदी यथार्थ आहे. पिकलेल्या भोकराच्या चिकट गराने आम्ही लहानपणी पतंग चिकटवीत असू. खारास मात्र हिरवी, टणक फळे लागतात, आणि ती उन्हाळ्यात कैऱ्यांबरोबरच येतात.

आमच्या आत्याबाई ती देठासकट उकळत्या पाण्यातून काढून, कापडावर कोरडी करून चिनीमातीच्या बरणीत भरतात. लिटरभर पाण्यास ऐंशी ग्रॅम मीठ, चार हिरव्या मिरच्या, वर जड वाटी म्हणजे फळे पाण्याबाहेर डोकावणार नाहीत, आणि तोंडाला दादरा. पंधरवड्यात बारीक बुडबुडे येऊ लागतात. दह्यास आंबट करणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद येथे कामास लागलेले असतात. महिन्याभरात पाणी किंचित हिरवट, गढूळ होते आणि त्यास जी चव येते ती नुसत्या मिठाची नव्हे, नुसत्या आंबटाचीही नव्हे. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्ह नावाचे फळ असेच मिठाच्या पाण्यात मुरवितात. ते कच्चे असता इतके कडू असते की महिनोन्महिने मुरविल्यावाचून किंवा क्षाराच्या पाण्यात घातल्यावाचून तोंडात धरवत नाही. आकाराने, रंगाने आणि आतल्या आठळीने आमचे भोकर त्याचे मावसभाऊ शोभावे.

हे साम्य आम्हांस सुचलेले नाही. पुण्यास नोकरीस असलेला आमचा पुतण्या गेल्या दिवाळीत घरी आला असता त्याने ते दाखविले. मार्टिनी नावाचे एक पेय अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाले. जिन आणि व्हर्मूथ ही त्याची दोन अंगे. त्यात ऑलिव्हच्या बरणीतील खार घातला म्हणजे ते गढुळते, आणि म्हणून त्यास डर्टी मार्टिनी म्हणतात. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ साली ज्यांच्या कारकीर्दीत उठली ते अध्यक्ष रूझवेल्ट पाहुण्यांसाठी मार्टिनी स्वहस्ते ढवळीत असत. पुतण्याचे म्हणणे एवढेच, की ही मार्टिनी आपल्या घरी, माडीवर, सर्वांदेखत करावी आणि तिच्यात आजींच्या भोकरांचा खार घालावा.

वाचकांपैकी कित्येकांच्या कपाळास येथे आठ्या पडल्या असतील. आमच्याही पडल्या. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले तेव्हापासून सुशिक्षित मराठी घरात पहिल्या पेल्याचे नाव निघाले की सुधाकर व सिंधू डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि ते गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिवाय आमच्या घरी सिंधू पाहण्यास नाटकगृहात जावे लागत नव्हते.

आत्याबाईंचे लग्न १९६० च्या सुमारास झाले. यजमान पदवीधर, चांगल्या नोकरीतले, बोलण्यात अतिशय मृदू. दारू त्या काळी कायद्याने बंद होती. म्हणजे ती मिळत असे, फक्त हातभट्टीची मिळत असे. रात्री ते लवंग घातलेला विडा चघळीत घरी येत आणि सर्व घर तो विडाच आहे असे समजत असे. सासऱ्यांनी विचारले नाही, दिरांनी विचारले नाही. तो शब्द त्या घरात अकरा वर्षे उच्चारला गेला नाही. अकराव्या वर्षी आत्याबाई दोन मुले घेऊन माहेरी आल्या, आणि तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातील बरण्या त्यांच्या ताब्यात आहेत. विड्यात लवंग घातलेली त्यांना आजही चालत नाही. कारण पुष्कळ वर्षे आम्हा मुलांस ठाऊक नव्हते.

तेव्हा पुतण्याने खार मागितला तो कोणाकडे, हे लक्षात यावे. आमच्या वडील बंधूंनी त्यास गप्प करण्याचा यत्न केला. आत्याबाई शेंगा निवडीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. “कोठे पिणार म्हणालास?” एवढेच त्यांनी विचारले.

“येथेच, आजी. तुमच्यासमोर.”

“आणि किती?”

“एक.”

त्या उठल्या, हात धुतले, दादरा सोडला आणि स्वतःच्या पळीने दोन पळ्या खार वाटीत काढला. “तिसरी मागायची नाही,” म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या.

आता कृती. महाराष्ट्रात आजही मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि जिनसारख्या कडक मद्यास वयाची पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. मुलगा दोन्ही बाबतींत चोख होता; परवाना त्याने बंधूंच्या हाती आधीच ठेवला. जिनला जो वास असतो तो ज्युनिपरच्या फळांचा. आपल्या वैद्यांची हपुषा ती याच जातीची. (एवढ्याने दारूचे औषध होत नाही, हे आम्ही त्यास तेथल्या तेथे सांगितले.) व्हर्मूथ म्हणजे वनस्पती मुरविलेली द्राक्षाची मदिरा. तिला नाव देणारी वनस्पती आपल्या दवण्याची सगोत्र आहे. ती आमच्या गावी कोठून मिळणार? मुलाने नाशिकच्या पांढऱ्या वाइनमध्ये वाळल्या दवण्याची काडी रात्रभर ठेविली. चैत्रात देवास वाहावयाचा दवणा तो, असे वहिनी पुटपुटल्या. पण काडी त्यांनीच शोधून दिली.

खार दुहेरी मलमलीतून गाळून घ्यावा. काचेच्या भांड्यात बर्फ भरून त्यावर साठ मिलिलिटर जिन, दहा मिलिलिटर ती वाइन आणि दहा मिलिलिटर खार घालून अर्धा मिनिट ढवळावे. बर्फाचे वितळलेले पाणी हा या पेयाचा एक घटकच आहे, म्हणून घाई करू नये. मग फ्रीजमध्ये गारठविलेल्या फुलपात्रात गाळावे आणि आठळी काढलेले एक भोकर काडीला टोचून वर ठेवावे. खार अधिक घालण्याचा मोह आवरावा: दहा मिलिलिटरात पाऊण ग्रॅमाच्या आसपास मीठ जाते आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसास साऱ्या दिवसाचे पाच ग्रॅमांहून कमी सांगते. आमच्या बंधूंसारख्या रक्तदाबाच्या माणसाने या भानगडीत पडूच नये.

आम्ही दोन घोट घेतले. पहिल्याने घसा चमकला. दुसऱ्यास मात्र मिठाने जिनचा कडवटपणा दाबून टाकला होता आणि मागून भोकराची मंद, हिरवी आंबट चव आली. सायंकाळी पाऊस पडून गेल्यावर बांधावर जो वास येतो, तसे काहीसे. तिसरा घोट आम्हांस हवासा वाटला नाही. हे आमच्या संयमाचे लक्षण नव्हे, पेय कडक आहे. मुलाने आपले फुलपात्र तासभर पुरविले, आत्याबाईंच्या समोरच्या पाटावर बसून, आणि त्यांना पुण्याच्या घराचे भाडे, स्वयंपाकवाली व बायकोची नवी नोकरी यांची हकीकत सांगितली. इतका वेळ तो त्यांच्याशी पूर्वी कधी बोलल्याचे आम्हांस आठवत नाही. मध्येच त्यांनी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. तो चपापला. “काही नाही,” त्या म्हणाल्या, “लवंग नाही ना, ते पाहिले.”

वाटीत उरलेला खार वाया गेला नाही. पेलाभर गार पाण्यात तो चमचाभर, अर्ध्या लिंबाचा रस, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट आणि साखर मुळीच नाही, असे करून वहिनींनी आत्याबाईंना दिले. पुतण्याने त्यातही एक भोकर काडीला टोचून सोडले. त्यांनी काडी बाजूस ठेवून भोकर आधी खाल्ले आणि मीठ जरा कमीच मुरले म्हणाल्या.